तीन हातांची साक्ष

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. भीमाशंकरला निघालेल्या गाड्यांची तळेघरच्या रस्त्यावर रीघ लागली होती. मी पडवीत बसलो होतो आणि फोन वाजला. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, मेलबर्नला रात्रीचे अकरा. भाचा हॉटेलातली पाळी संपवून नुकताच खोलीवर आला होता. “मामा, इथल्या सरकारची नोटीस आलीय. पुण्यातल्या नोकरीचं मी जे लिहिलं, ते त्यांना खरं वाटत नाही. व्हिसा रद्द का करू नये, ते चौदा दिवसांत सांगा म्हणतात.” एवढं बोलला आणि पोरगा रडायला लागला.

मी वकील नाही. रोजगार हमीच्या कामांवर हजेरी सहाय्यक म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. बांधबंदिस्ती असो, रस्ता असो की पाझर तलाव, सकाळी मस्टर उघडायचं, नाव पुकारायचं, खूण करायची. कोण कामावर होतं, किती दिवस होतं आणि पुढे कुणी शंका घेतली तर ते सिद्ध कसं होतं, हे मी त्या मस्टरवर शिकलो. नंतर आम्हा हजेरी सहाय्यकांचीच आधीची वर्षं पेन्शनीत धरायची की नाही, यावर वाद झाला आणि प्रकरणं न्यायालयात गेली. दुसऱ्यांची हजेरी लिहिणारे आम्ही तेव्हा स्वतःची हजेरी शोधत दारोदार फिरलो. केलेलं काम नाकारलं गेलं की माणसाच्या पोटात कसा खड्डा पडतो, ते मला ठाऊक आहे.

त्या चौदा दिवसांत भाच्याला जे सांगितलं, ते तुलाही सांगून ठेवतो. नर्स, कूक, वेल्डर म्हणून बाहेर जायचं तुझ्या मनात असेल तर जाण्याआधीच ऐकून ठेव.

आधी तारीख वाच

पत्र आलं की पहिल्यांदा दोनच गोष्टी बघ. ही नोटीस आहे की निर्णय? आणि दिवस किती दिलेत? “रद्द करण्याचा विचार आहे, तुमचं म्हणणं द्या” ही नोटीस. “रद्द केला” हा निर्णय. दोन्हींचे रस्ते वेगळे, मुदती वेगळ्या.

ऑस्ट्रेलियात हे सगळं १९५८ च्या स्थलांतर कायद्यावर चालतं. अर्जात चुकीची माहिती दिल्याचा संशय असेल तर कलम १०७ खाली नोटीस येते आणि व्हिसा रद्द होतो तो कलम १०९ खाली. भाच्याच्या नोटिशीत चौदा दिवस होते. तुझ्या नोटिशीत जे लिहिलं असेल तेच तुझं. ईमेल तू चार दिवसांनी उघडलास म्हणून दिवस चार दिवसांनी सुरू होत नाहीत. ज्या दिवशी त्यांनी पाठवला, त्या दिवसाअखेर तो तुला पोचला, असं कायदा धरतो. म्हणून अर्जात ईमेल स्वतःचा द्यावा. एजंटाचा दिला आणि एजंटानं दुकान बंद केलं, तर नोटीस कुणाच्या दारात पडेल, याचा विचार कर.

नोटिशीला उत्तर देणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. पंचनामा होत असताना जो शेतकरी बांधावर हजर असतो त्याचं नुकसान लिहिलं जातं. नंतर तहसीलला खेटे घालणाऱ्याला फार कष्ट पडतात.

आरोप नेमका कशावर आहे, ते ओळ ओळ वाच

भाच्याला वाटलं, “तू काम केलंच नाहीस” असा आरोप आहे. मी म्हटलं, मला ओळीनं वाचून दाखव. तसं नव्हतं. अर्जात लिहिलं होतं, पुण्यातल्या हॉटेलात २ वर्षं ८ महिने कूक. पडताळणीसाठी फोन गेला तेव्हा हॉटेलचा व्यवस्थापक बदललेला होता. नवा माणूस म्हणाला, “तो पोरगा हेल्पर होता आणि मधेमधे गायब असायचा.” म्हणजे वाद दोन गोष्टींवर होता, पद आणि सलगपणा. हॉटेल खरं होतं, नोकरी खरी होती, पगार खरा होता. त्यावर वाद नव्हताच.

वाद जेवढा आहे तेवढ्यालाच उत्तर दे. काळावर वाद आहे, पदावर आहे, तासांवर आहे, की मालकच अस्तित्वात आहे का यावर आहे, ते कागदावर मांड आणि प्रत्येकासमोर आपलं उत्तर लिही.

आणखी एक कलम मी त्याला दोनदा वाचायला लावलं. फॉर्म दुसऱ्यानं भरला तरी तुझ्या सांगण्यावरून भरला असेल, तर तो तूच भरलास असं तो कायदा मानतो. चूक मुद्दाम झाली की नकळत, यानं नोटिशीची ताकद कमी होत नाही. म्हणून “एजंटानं लिहिलं, मला माहीत नाही” यावर सगळा भार टाकू नको. ते खरं असेल तर सांग, पण उत्तर तुझंच असलं पाहिजे. अर्ज पाठवण्याआधी त्याची पूर्ण प्रत एजंटाकडून मागून घे. तिथेही आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा १९८२ पासून आहे आणि स्वतःच्या फाइलची प्रत मागता येते. पण त्याची मुदत ३० दिवसांची असते आणि तुझ्या हातात चौदाच असतात.

तीन हातांचे कागद जमव

हा माझा मुख्य कानमंत्र आहे. रोजगार हमीत मजुराचं एका दिवसाचं काम तीन ठिकाणी उमटायचं. मस्टरवर माझ्या हातानं, मोजमाप पुस्तकात अभियंत्याच्या हातानं आणि पगारवाटपाच्या वेळी मजुराच्या स्वतःच्या अंगठ्यानं. चौकशी आली की तिन्ही जुळवून बघायचे. नुसतं मस्टर बरोबर असून भागत नसे.

नोकरीचा पुरावाही तसाच असतो. अनुभवाचा दाखला, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, सगळं मालकानं दिलेलं. ते दहा कागद असले तरी हात एकच, म्हणून साक्षही एकच. मालकावरच शंका असेल तर दहाही कागद एकदम पडतात. मालकाच्या हाताबाहेरचे कागद शोध.

भविष्य निर्वाह निधीचं पासबुक हा त्यातला भक्कम कागद. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तो कायदा लागतो. २०१४ पासून प्रत्येकाला एकच यूएएन क्रमांक मिळतो आणि कुठल्या महिन्यात किती रक्कम भरली गेली ते त्यात दिसतं. बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी हा दुसरा कागद. कर कापला गेला असेल तर फॉर्म १६ आणि फॉर्म २६एएस. राज्य कामगार विम्याचं कार्ड. मालकाच्या बाजूनं दुकान नोंदणी आणि अन्न परवाना, म्हणजे जागा खरी होती हे ठरतं.

पगार रोखीत मिळाला असेल तर घाबरू नको, डोकं चालव. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास तुझ्या खात्यात रोख भरणा झालाय का? आईला पैसे पाठवलेत का? खोलीचं भाडं कुणाला दिलंस? भाजीवाल्याच्या, मटणवाल्याच्या पावतीवर माल उतरवून घेताना तुझी सही आहे का? शेजारच्या चुलीवर उभा असलेला सोबती आज कुठे आहे? त्याचं प्रतिज्ञापत्र घे, पण त्यात त्यानं स्वतः डोळ्यांनी पाहिलं तेवढंच असू दे. दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं शब्दाला शब्द सारखी असली, की वाचणाऱ्याला ती एकाच टेबलावर तयार झालेली दिसतात. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता, पात्रता त्यावर असावी लागते.

जे कमी आहे, ते आपणच आधी सांग

इथे भाच्याचं आणि माझं बोलणं अवघड झालं. मी विचारलं, “व्यवस्थापक खोटं बोलला का?” बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “पहिले सात महिने मी हेल्परच होतो, मामा. एजंट म्हणाला, सगळं कूकमध्येच धरू.” आणि गायब असण्याचं? ते मला विचारावंच लागलं नाही. आषाढ आला की आपल्याकडची पोरं भाताच्या आवणीला घरी येतात. तोही यायचा. सगळे मिळून दोन महिने तो आपल्या खाचरांत चिखलात उभा होता, हॉटेलात नव्हता.

हिशेब केला. ३२ महिन्यांतून हेल्परचे ७ गेले, २५ उरले. आवणीचे २ गेले, २३ उरले. त्याच्या व्हिसाला तेव्हा दोन वर्षांचा अनुभव लागत होता. एक महिना कमी पडला. तो म्हणाला, “मग आवणीचं कशाला सांगायचं?”

मी त्याला ठामपणे सांगितलं, सांगायचंच. पासबुकात त्या महिन्यांचा भरणा कमी दिसणार. तू लपवलेली गोष्ट त्यांनी शोधून काढली, तर तुझी उरलेली २३ महिन्यांची खरी मेहनतही खोटी ठरेल. एक खोटी खूण सापडली की चौकशी अधिकारी अख्खं मस्टर बाजूला ठेवायचा, हे मी पाहिलंय. त्या मस्टरवर उन्हात राबलेल्या बायांची नावंही असायची.

मग मी विचारलं, “पुण्याच्या आधी कुठं होतास?” म्हणाला, “मंचरला खानावळीत. ते काय लिहिण्यासारखं होतं?” खानावळ लहान, दाखला नाही, म्हणून त्यानं ती नोकरी धरलीच नव्हती. पण तिथे त्यानं ८ महिने एकट्यानं स्वयंपाक केला होता. आणि पतसंस्थेचा पिग्मीवाला रोज संध्याकाळी खानावळीत येऊन त्याच्याकडून पन्नास रुपये घेऊन जायचा. ते पिग्मीचं पुस्तक आईच्या ट्रंकेत निघालं. २३ आणि ८, ३१ महिने. खरं बोलल्यानं नऊ महिने गेले होते, आणि खरंच नीट आठवल्यानं आठ परत आले.

तुझंही असंच असेल. आपल्याला जे काम सांगायची लाज वाटते, बहुधा तेच आपलं खणखणीत नाणं असतं.

आकड्यांत फरक पडला म्हणून माणूस आपोआप लबाड ठरत नाही, हेही लक्षात ठेव. ब्रिटनमध्ये उच्चकुशल स्थलांतरितांच्या व्हिसावर गेलेल्या अनेकांचे कायम वास्तव्याचे अर्ज नाकारले गेले होते. कारण व्हिसाच्या अर्जातली कमाई आणि करखात्याला सांगितलेली कमाई जुळत नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये बालाजीगारी खटल्यात तिथल्या अपील न्यायालयानं सांगितलं, की कुणाला अप्रामाणिक ठरवण्याआधी सरकारनं आपला संशय त्याला स्पष्ट कळवला पाहिजे आणि उत्तराची संधी दिली पाहिजे. ती संधी मिळाली तर ती खऱ्या हिशेबानं वापर.

जुन्या मालकाकडे हात जोडून जा

भाचा तिकडे, म्हणून मी पुण्याला गेलो. नव्या व्यवस्थापकाशी भांडलो नाही. तो जे बोलला ते त्याच्या माहितीप्रमाणे खरंच बोलला होता. मी म्हटलं, “साहेब, जेवढं खरं आहे तेवढंच लिहून द्या.” त्यानं जुनं रजिस्टर काढलं. नव्या पत्रात रुजू झाल्याची तारीख, हेल्परचा काळ, कूक झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, कामाचं स्वरूप, पगार आणि रजेचे काळ आले. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि लागणारा फोन नंबर. दाखला असा असावा. “काम समाधानकारक होते” एवढ्या एका ओळीचा दाखला काही उपयोगाचा नाही.

आणि नवा, मागच्या तारखेचा, गोड दाखला विकत देणारा कुणी भेटला तर त्याच्या दारातून उलटा फिर. चुकीच्या माहितीचं प्रकरण बनावट कागदाचं होतं आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जांवर तीन-तीन वर्षांची बंदी येऊ शकते.

चूक निघाली तरी सगळं संपत नाही

ऑस्ट्रेलियात कलम १०९ खाली व्हिसा रद्द करता येतो, पण करायलाच हवा असं नाही. अधिकाऱ्याला बऱ्याच गोष्टी तोलाव्या लागतात. खरी माहिती काय होती, व्हिसा त्या चुकीच्या माहितीमुळे मिळाला का, चूक कशा परिस्थितीत झाली, किती काळ लोटला, नंतर तू कसा वागलास, कायदा मोडलास का, आजची परिस्थिती काय, समाजाला तुझा काही उपयोग झाला का. म्हणून उत्तरात नुसते जुने कागद लावून थांबू नको. आताच्या मालकाचं पत्र, भरलेला कर, मुलांची शाळा, रक्तदान, मंडळाच्या गणपतीत केलेला महाप्रसाद, जे खरं असेल ते लिही. भाच्याला हे लिहायचा संकोच वाटत होता. मी म्हटलं, ते विचारतात म्हणून सांगायचं.

निर्णय विरुद्ध गेला तर

१४ ऑक्टोबर २०२४ पासून ऑस्ट्रेलियात जुन्या न्यायाधिकरणाच्या जागी प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरण काम करतं. निर्णय कळल्यापासून साधारण २८ दिवसांत तिथे अर्ज करायचा, स्थानबद्ध असशील तर ७ दिवसांत. ही मुदत वाढवून मिळत नाही, म्हणून निर्णयपत्रावरची तारीख भिंतीवर लिहून ठेव. अर्ज करताना तू त्या देशात हजर असावं लागतं. घाबरून तिकीट काढून गावी आलास, तर तो दरवाजा आपल्याच हातानं लावलास. व्हिसा संपल्याबरोबर तात्पुरत्या व्हिसासाठी अर्ज कर आणि कामाची परवानगी नसेल तर एक दिवसही काम करू नको.

न्यायाधिकरण सगळं प्रकरण नव्यानं बघतं, नवे कागदही घेतं. म्हणून नोटिशीच्या वेळी जे राहिलं ते तिथे द्यायला लाजू नको. त्याच्यापुढचं न्यायालय मात्र कायद्याची चूक झाली का तेवढंच तपासतं, तुझी कहाणी पुन्हा ऐकत नाही. सुनावणीला दुभाषा मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत. मराठी मागून घे. आवणी, हेल्पर, पिग्मी हे तुला मराठीतच नीट सांगता येईल. अडखळत्या इंग्रजीत एक तारीख चुकली तर ती विसंगती म्हणून लिहिली जाते.

सल्ला घेशील तो वकिलाचा किंवा तिथल्या सरकारी यादीत नोंद असलेल्या स्थलांतर एजंटाचा. प्रत्येक एजंटाला सात आकडी नोंदणी क्रमांक असतो, तो आधी विचार. इथून भरती करणाऱ्यालाही १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. तो उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. जो घेतलेल्या पैशाची पावती देत नाही, त्याच्या हाती आपला पासपोर्ट देऊ नये.

आजपासून जप

३० जुलै २०१४ ला आपल्याच तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला. दीडशेच्या वर माणसं गेली. जी वाचली त्यांच्या घरांबरोबर ट्रंकाही मातीखाली गेल्या. माणसाच्या दुःखापुढे कागदाचं काय, पण वाचलेल्या माणसाला पुढे जगायला कागद लागतोच. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, प्रत्येक कागदाच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा, एक मोबाईलमध्ये आणि एक डिजिलॉकरमध्ये.

नोकरी सोडशील त्या दिवशीच दाखला घे. मालक, व्यवस्थापक, सोबती सगळे तेव्हा तुला ओळखतात. पाच वर्षांनी फोन उचलणारा तुला ओळखत नसतो. पगार बँकेतच माग. आणि एक वही ठेव: तारीख, तास, काय काम केलं, कुणाबरोबर. रोज दोन ओळी.

भाच्याचं उत्तर तेराव्या दिवशी गेलं. पहिल्या पानावर आमचा हिशेब होता, काय चुकीचं लिहिलं गेलं आणि खरं काय, तारखांसकट. सोबत पासबुक, पिग्मीचं पुस्तक, हॉटेलचं नवं पत्र आणि दोन सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं. सात आठवड्यांनी पत्र आलं, माहिती चुकीची होती हे नोंदवलंय, व्हिसा रद्द करत नाही. बहिणीनं भीमाशंकरला जाऊन अभिषेक केला.

त्यानं तिकडे वही घेतलीय. दर रविवारी पानाचा फोटो मला पाठवतो. मी चष्मा लावून तारखा बघतो, आणि एखादी सुटलेली दिसली की फोन लावून विचारतो, “बुधवारी कुठं होतास?”